कच्च्या बिलाची लेन्स

परवा रात्री साडेदहाला आमच्याकडे लग्नांच्या फोटोंसाठी सेकंड कॅमेरा करणाऱ्या मुलाचा मुंबईहून फोन. "दादा, ७०-२०० एफ २.८ लेन्स बघितली. शोरूमला १ लाख ७२ हजार सांगतायत. फोर्टात तीच १ लाख ३८ ला मिळतेय, सीलबंद. सकाळी घेऊन टाकू का?" मी म्हटलं, "नको. आधी चिपळूणला ये, मग बोलू." त्याला ते आवडलं नाही, आवाजावरून कळलं. ३४ हजार म्हणजे त्याची तीन-चार लग्नांची कमाई. ती सोडून दे असं सांगायचं तर कारणंही नीट सांगायला हवीत. म्हणून इथे लिहितोय, त्याच्यासारखे अजूनही बरेच जण असतील.

फोर्टातली ती स्वस्त लेन्स म्हणजे ग्रे मार्केटचा माल. असा माल म्हणजे डुप्लिकेट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. लेन्स त्याच कारखान्यातली, काच तीच. फक्त ती कंपनीच्या इथल्या अधिकृत वाटेनं न येता दुबई, सिंगापूर, हाँगकाँगकडून येते. असा अस्सल माल परस्पर आयात करणं हा मुळातच गुन्हा, असंही नाही. २०१२ साली सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं अशा आयातीला परवानगी दिली होती. मात्र माल आयात केलेला आहे आणि त्याची वॉरंटी कंपनीची नाही, हे दुकानात ठळक लिहून लावा, असंही सांगितलं होतं. तशी पाटी मी आजवर एकाही दुकानात पाहिलेली नाही. आणि ज्या मालावर कस्टम ड्युटी भरलेली नाही, जीएसटी भरलेला नाही, पक्कं बिल मिळत नाही, तिथे त्या निकालाचा आधार घेता येत नाही. स्वस्ताई बहुतेक वेळा तिथूनच आलेली असते.

मी स्वतः एकदा अशी लेन्स घेतली आहे. दुकानाचं नाव सांगणार नाही. पहिल्या मजल्यावरचा छोटा गाळा, काचेचं काउंटर. त्या माणसानं माझ्यासमोर खोक्याचं सील कापलं, लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीवर लावून दिली, दोन फोटो काढून दाखवले. वॉरंटी कार्ड होतं, पण डीलरच्या शिक्क्याची जागा कोरी. बिल म्हणून पॅडवरचा चिठोरा मिळाला : "लेन्स १ नग" आणि खाली रक्कम. ना जीएसटी नंबर, ना लेन्सचा सिरियल नंबर. "एक वर्ष शॉप वॉरंटी. मी बसलोय ना इथं," असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला.

खरेदीनंतरच्या आठव्या महिन्यात, ऐन मेमध्ये, एका लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. अंतरपाट खाली येणार, नवरी मान वर करणार, तो एक क्षण. मी बटण अर्धं दाबलं आणि लेन्समधून बारीक किरकिर ऐकू आली. फोकस पुढे गेला, मागे आला, आणि थांबला तो थांबलाच. हातानं रिंग फिरवत फोटो काढले. अंतरपाटाच्या नऊ फोटोंपैकी एकही धारदार नाही. अल्बमच्या पहिल्या पानावर जो फोटो असतो, तो त्या जोडप्याला मी देऊ शकलो नाही. तो क्षण पुन्हा कोण आणून देणार?

सर्व्हिस सेंटरमध्ये सिरियल नंबर टाकला तर उत्तर आलं, "हा माल इंडियाचा नाही." दुकानदारानं लेन्स ठेवून घेतली, ओळखीच्या कारागिराकडे दिली. सहा आठवडे गेले, म्हणजे आख्खी लग्नसराई गेली. परत आली तेव्हा मोटर चालत होती, पण फ्रेमची उजवी बाजू मऊ, म्हणजे धूसर, यायला लागली होती. खोलून बसवताना आतली काच किंचित सरकली की असं होतं. तक्रार करायला हातात काय होतं, तर तो चिठोरा.

आता ३४ हजारांचा हिशोब. १ लाख ७२ हजारांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, तो होतो सुमारे २६ हजार २०० रुपये. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि बिल तुमच्या नंबरावर असेल, तर हा कर तुम्ही लग्नाच्या पॅकेजवर भरता त्या करातून वजा होतो. राहिला फरक ७ हजार ८०० चा. एवढ्यासाठी वॉरंटी सोडायची? माझ्याकडच्या त्या मुलाची नोंदणी नाही, हे मला माहीत आहे. त्याचा फरक खरोखरच ३४ हजारांचा आहे. पण बिल फक्त करासाठी नसतं. लेन्स एसटीत चोरीला गेली तर पोलिसांना काय दाखवणार? विमा कशावर काढणार? उद्या विकायला काढली तर बिलाशिवाय भाव पडतो तो वेगळाच. आयकरात घसारा मागायचा तरी खरेदीचा पुरावा लागतो.

बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या, बाबतीत तर माझा ठाम नकार आहे. लेन्सपेक्षा बॉडीत बिघडण्यासारखं कितीतरी जास्त असतं. त्यात किट, म्हणजे बॉडी आणि लेन्सचा एकत्र खोका, फोडून दोन्ही वेगवेगळी विकतात, खोक्यातली मूळ बॅटरी आणि चार्जर काढून दुसरेच ठेवतात. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तर मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि रुपयांतली एमआरपी छापलेली नसेल, तर पुढे बोलूच नका.

वॉरंटीचंही मी उगाच कौतुक करणार नाही. फंगस (काचेवरची बुरशी), पाणी, पडझड यात ती कामाला येत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू फंगसच. शिवाय कंपन्यांची सेंटरं मोठ्या शहरांत, आमच्यासारख्यांना कुरिअरवर भरवसा ठेवावा लागतो. हे दुखणं खरं आहे आणि कंपन्यांनी त्याकडे बघायला हवं. हौसेसाठी फोटो काढणाऱ्यानं परदेशातल्या भावाकडून, तिथल्या दुकानाच्या खऱ्या बिलावर आणि लागेल ती ड्युटी भरून एखादी साधी ५० एमएम लेन्स आणवली, तर मी त्याला अडवणार नाही. पण ज्याचं घर कॅमेऱ्यावर चालतं, ज्याच्यावर दुसऱ्याच्या आयुष्यातला एकदाच येणारा दिवस सोपवलेला असतो, त्यानं कच्च्या बिलाच्या वाटेला जाऊ नये.

मुलगा काल आला. १ लाख ३८ हजारांच्या आतच त्याला रत्नागिरीतल्या एका फोटोग्राफरची वापरलेली ७०-२०० मिळतेय, मूळ पक्क्या बिलासकट. आज सकाळी दोघं जाऊन बघून आलो. आधी बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मोबाईलचा टॉर्च मागून मारला, आत फंगसचं जाळं नाही. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, कॅमेरा ट्रायपॉडवर सरळ धरून, २.८ वर फोटो घेतला आणि चारही कोपरे मोठे करून पाहिले. उजव्या खालच्या कोपऱ्यातली छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरंसुद्धा स्पष्ट वाचता आली. मुलानं तिथेच पाच हजार बयाणा दिला.