‘चार फोन आणि एक तृतीयांश पगार’: एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

सध्या व्हॉट्सॲपच्या गटांतून एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: वरिष्ठ अधिकारी शोधून देणाऱ्या सर्च फर्म, म्हणजेच हेडहंटर, चार फोन करतात आणि वर्षाच्या पगाराचा एक तृतीयांश भाग खिशात घालतात, लिंक्डइन आल्यापासून त्यांची गरज उरलेली नाही, प्रतिस्पर्ध्याकडची माणसे पळवण्यापलीकडे त्यांना काही येत नाही, स्वतःच बसवलेला माणूस दोन वर्षांनी त्याच उचलून दुसरीकडे बसवतात, आणि बाजारातला सर्वांत नावाजलेला माणूस दुप्पट पगार देऊन आणला की तो टिकतोच, मग मध्यस्थ हवा कशाला? असले मजकूर मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. हा मात्र माझ्या धाकट्या भावाने पाठवला, आणि खाली ‘आम्ही वित्तप्रमुख असाच शोधायचे ठरवले आहे’ असा शेराही मारला. मी सर्च फर्म चालवत नाही; कंपनीच्या बाजूने बसून त्यांची बिले मंजूर केली आहेत आणि काही परतही पाठवली आहेत. तेव्हा ही वकिली कुणाच्या पदरचे खाऊन केलेली नाही, एवढे आधीच सांगतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक असल्यामुळे सुरुवात तेथूनच करतो. नावाजलेला माणूस भरपूर पैसे मोजून आणला की काम झाले, ही समजूत किती महागात पडते याचा रीतसर मोजून केलेला अभ्यास उपलब्ध आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी आशिष नंदा आणि नितीन नोहरिया यांच्यासह अमेरिकेतील ७८ गुंतवणूक बँकांमधल्या १,०५२ ‘स्टार’ शेअर विश्लेषकांच्या १९८८ ते १९९६ या काळातील कामगिरीचा माग काढला आणि निष्कर्ष २००४ साली मांडले. बँक बदललेल्या विश्लेषकांपैकी ४६ टक्क्यांचे काम पुढच्याच वर्षी खालावले. सरासरी घसरण सुमारे २० टक्क्यांची होती आणि पाच वर्षांनंतरही ती पूर्ण भरून निघाली नव्हती. टिकण्याचे म्हणाल तर ३६ टक्के विश्लेषक नवी बँक ३६ महिन्यांच्या आत सोडून गेले आणि आणखी २९ टक्के त्यापुढच्या दोन वर्षांत. हे सारे भरघोस पगार घेणारे लोक होते.

असे का होते, याचे उत्तरही त्याच अभ्यासात आहे. ज्याला आपण त्या माणसाची कर्तबगारी समजतो तिचा मोठा भाग जुन्या संस्थेतल्या सहकाऱ्यांचा, तिथल्या माहितीच्या व्यवस्थेचा आणि वर्षानुवर्षे जमलेल्या विश्वासाचा असतो, आणि तो राजीनाम्याबरोबर येत नाही. जे विश्लेषक आपली टीम घेऊन गेले त्यांची घसरण कमी झाली, ही नोंद या दृष्टीने बोलकी आहे. शेअर विश्लेषक म्हणजे वित्तप्रमुख नव्हे, हे मला मान्य आहे. पण विश्लेषकाचे काम तुलनेने एकट्याचे आणि मोजता येण्याजोगे असूनही ही गत असेल, तर ज्याचे सगळे काम इतरांकडून करून घेण्याचे आहे त्याच्याबाबत नुसत्या पगारावर भरवसा ठेवण्याला कोणता आधार उरतो?

म्हणूनच चांगल्या सर्च फर्मचे खरे काम नावांची यादी करण्याच्या आधी सुरू होते, आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. एका कंपनीत परिचालनप्रमुखाची जागा भरायची होती. सल्लागार बाईंनी सुरुवातीला एकाही उमेदवाराला फोन केला नाही; त्यांनी अध्यक्ष, संस्थापक, वित्तप्रमुख आणि नव्या माणसाच्या हाताखाली येणारे अधिकारी यांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला: ‘दीड वर्षाने ही नेमणूक योग्य ठरली असे तुम्ही कशावरून म्हणाल?’ अध्यक्षांना नवे कारखाने उभे राहिलेले हवे होते, वित्तप्रमुखांना खर्च खाली आलेला हवा होता, आणि संस्थापकांना ‘माझ्यासारखाच, पण माझे ऐकणारा’ कोणीतरी हवा होता. बाईंनी ही उत्तरे नावे न घालता एका कागदावर मांडून संचालक मंडळापुढे ठेवली आणि यातले आधी काय व नंतर काय हे ठरल्याशिवाय शोध सुरू करणार नाही, असे शांतपणे सांगितले. ती बैठक चांगलीच कडवट झाली. शेवटी खर्चाचे काम आधी, विस्तार त्यानंतर असा क्रम ठरला आणि मोठ्या खरेदीवरच्या सहीचा अधिकार संस्थापकांकडून नव्या पदाकडे द्यायचे लेखी झाले. हा कागद न होता जो कोणी त्या खुर्चीत बसला असता, तो वर्षभरात निघून गेला असता आणि कंपनीने ‘आमच्या वातावरणात रुळला नाही’ असे म्हणून त्यालाच दोष दिला असता. हेच काम कंपनीच्या एचआर प्रमुखाने का करू नये, असा प्रश्न येईल. पण संस्थापकाला सहीचा अधिकार सोडायला सांगणे हे त्याच संस्थापकाच्या हाताखालच्या माणसाला किती शक्य असते, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

टिकण्याचा दुसरा धोका राजीनामा आणि रुजू होणे यांच्या मधल्या काळात असतो. वरिष्ठ पदाचा नोटीस पिरियड अनेकदा तीन महिन्यांचा, क्वचित त्याहून मोठा असतो, आणि या काळात जुनी कंपनी हातावर हात ठेवून बसत नाही. बढती, जादा शेअर, अध्यक्षांबरोबर जेवण, सगळे सुरू होते. अनुभवी सल्लागार पहिल्याच भेटीत उमेदवाराला विचारून ठेवतो की तुम्हाला सोडावेसे का वाटते आणि तेच कारण उद्या तुमच्या कंपनीने दूर केले तर काय कराल. उत्तर नुसते पैशाचे असेल, तर तो उमेदवार काउंटर ऑफर, म्हणजे जुन्या कंपनीने थांबवण्यासाठी देऊ केलेली वाढ, घेऊन थांबण्याचीच शक्यता अधिक, म्हणून त्याचे नाव तिथेच बाजूला काढले जाते. जुन्या कंपनीत हाती न आलेले शेअर सोडावे लागणार असतील तर त्याची भरपाई कशी करायची, रुजू झाल्यावर पहिल्या तिमाहीत कोणता निर्णय त्याच्यावर लादायचा नाही, हेही याच काळात ठरते. दुप्पट पगाराच्या ओळीत यातले काहीच बसत नाही.

‘लिंक्डइन आहे ना’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. नावे सगळ्यांनाच दिसतात. मात्र जो माणूस नोकरी शोधत नाही आणि ज्याच्या हलण्याची कुजबुज झाली तरी आजची जागा धोक्यात येते, तो अनोळखी कंपनीच्या संदेशाला उत्तर देत नाही. तिसऱ्याच माणसाशी, कंपनीचे नाव उघड न करता, तो निदान बोलतो. शिवाय मेसेजमध्ये दोन वेगळे व्यवसाय एकात कालवले आहेत. माणूस रुजू झाला तरच पैसे घेणाऱ्या एजन्सी एकच बायोडेटा दहा ठिकाणी पाठवतात, हे खरे आहे. रिटेनर, म्हणजे शोध सुरू होतानाच कामापोटी ठरलेली रक्कम, घेऊन, सहसा तीन हप्त्यांत फी आकारून, एका पदासाठी एकाच कंपनीशी बांधून घेणारी फर्म तसे करत नाही.

प्रतिस्पर्ध्याकडूनच माणसे पळवतात, हा आरोप आयबीएमच्या उदाहरणापुढे टिकत नाही. १९९३ साली ही कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात असताना तिच्या संचालक मंडळाने हायड्रिक अँड स्ट्रगल्स आणि स्पेन्सर स्टुअर्ट अशा दोन फर्म एकाच वेळी कामाला लावल्या. निवड झाली ती लू गर्स्टनर यांची, आणि ते आले आरजेआर नाबिस्को या बिस्किटे आणि सिगारेटी बनवणाऱ्या कंपनीतून. त्यांनी आधी नकार दिला होता. पुढे ते मार्च २००२ पर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी राहिले. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, पण ‘पळवापळवीपलीकडे काही येत नाही’ असे सरसकट म्हणणाऱ्याला तेवढे एक पुरेसे आहे.

बसवलेला माणूस पुन्हा उचलतात, हा मुद्दा बहुतांशी चुकीचा आहे. प्रतिष्ठित फर्मच्या करारात ग्राहक कंपनीतल्या माणसांना ठरावीक मुदतीत हात न लावण्याचे कलम असते आणि आपण नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला तो तिथे असेपर्यंत स्वतःहून न विचारण्याची प्रथाही आहे; नेमणूक ठरलेल्या मुदतीत फसली तर नव्या फीशिवाय पुन्हा शोध घेण्याची हमीही बहुतेक करारांत असते. तरीही एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते: हात न लावण्याची मुदत सहसा वर्ष-दोन वर्षांचीच असते, कधीकधी ती एका विभागापुरतीच असते, आणि ग्राहक न वाचता सही करतात. या कलमाची उलटी बाजूही आहे. ज्या फर्मचे ग्राहक जास्त, तिला ज्यांच्याशी बोलायला मनाई आहे अशी माणसेही जास्त, म्हणून कोणत्या कंपन्यांना ती हात लावू शकत नाही याची यादी आधी मागून घ्यावी.

फीबद्दलही मेसेजमध्ये अर्धे सत्य आहे. पगाराच्या टक्केवारीवर फी ठरली की पगार वाढवण्यात फर्मचा फायदा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यासाठी फर्मच नको म्हणण्याची गरज नाही. फी शोधाच्या सुरुवातीलाच ठोक रकमेत ठरवता येते, आणि एगॉन झेंडर ही फर्म तर त्याच पद्धतीसाठी ओळखली जाते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लेखी घ्यावी. सादरीकरणाला आलेले ज्येष्ठ भागीदार प्रत्यक्ष शोधात किती वेळ देणार आणि उमेदवारांशी पहिले बोलणे कोण करणार, हे विचारावे, कारण पुष्कळदा काम भागीदाराच्या नावावर मिळते आणि फोन करायला नुकताच लागलेला सहकारी बसतो. मेसेज लिहिणाऱ्याला एवढा राग होता, तर ही खरोखरची तक्रार त्याच्या हातून निसटली कशी, हे मात्र मला कळले नाही.