चालवा, बसून जाते!

आमच्या मच्छीमार संस्थेकडे डोंगे पुष्कळ आहेत, मोटरची बोट एकच. तिचा कारभार माझ्याकडे, कारण मोटरसोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत आहे आणि मी बी.ए. आहे. ते मराठी वाङ्मयात, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे त्या ३३ दरवाजांनी अडवलेलं वैनगंगेचं पाणी मागे सरकत सरकत आमच्या धुऱ्यांपर्यंत आलं. बांबूला तळ लागेना, म्हणून मोटर घेतली. मोटरचा पहिला वैरी इकॉर्निया. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. त्यावर ही जलपर्णी माजते. हात नागपूरकर धुतात, पंखा आमचा अडकतो.

दुसरा वैरी घरचाच, जाळ्याचा नायलॉन धागा. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळून बसतो, आतलं सील कापतो, मग गिअरच्या ऑइलात पाणी शिरतं. यंदा ऑइल सोडून पाहिलं तर टपरीवरच्या चहासारखं दुधाळ. त्यात मोटर मुतेनाशी झाली. इंजिन थंड करून पाणी ज्या बारीक धारेनं बाहेर पडतं, ती धारच बंद. म्हणजे पंपाचं रबरही गेलं.

तालुक्याहून मिस्त्री आणला. ऑइल इंजिन, मोटरसायकल, धानाचं थ्रेशर, सगळ्यात हात असलेला माणूस. गिअरचा खालचा भाग त्यानं अख्खा उतरवला, सील बदललं, रबर बदललं. नवीन ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईस्तोवर भरलं. हे अगदी पुस्तिकेबरहुकूम. मग सगळं परत जोडून हात पुसत म्हणाला, ‘‘गेर जरा कडक लागन. चालवा, बसून जाते.’’

पूजेसाठी अध्यक्ष नारळ घेऊन बोटीत उभे राहिले. गिअरचा दांडा न्यूट्रलला. न्यूट्रलशिवाय मोटर सुरूच होत नाही, अशी सोय कंपनीनं केलेली आहे. बोट अचानक पळू नये म्हणून. चालवणाऱ्या पोरानं दोरी ओढली आणि बोट अचानक पळाली. अध्यक्ष मटकन खाली बसले, नारळ न फुटताच गंगार्पण झाला. पोरानं दांडा पुढे रेटला, तो हलेना. मागे ओढला तर बोट मागे येण्याऐवजी नुसती घुरघुरत तरंगत राहिली. आता गंमत अशी की बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच ब्रेक. तोच नाही म्हटल्यावर बोट आपल्या मर्जीनं घाटाकडे निघाली. धुणं धूत असलेल्या बाया आधी ओरडल्या, मग पळाल्या, आणि बोट चिखलात रुतून थांबली.

घाटावर तज्ज्ञांची कमी नसते. ट्रॅक्टरवाल्या भाऊंचं निदान तयार होतं, ‘‘क्लचप्लेट जरली असन.’’ या मोटरला ट्रॅक्टरसारखी क्लचप्लेट नसते, असं मी पुस्तिका उघडून दाखवलं. त्यांनी ती उलटी धरून वाचली आणि मत कायम ठेवलं. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका म्हणाले, ‘‘डबल क्लच मारा.’’ डोंगेवाले आजोबा पानाची पिचकारी टाकून एवढंच बोलले, ‘‘आमच्या डोंग्याले गेरच नाई, त बिघडन कोठून गा?’’ या एका मुद्द्याला माझ्याजवळ अजून उत्तर नाही.

मिस्त्रीला फोन केला. ‘‘चालवा, बसून जाते.’’

पोरगा हुशार. त्यानं न्यूट्रलवर बोट चालवायची आणि रिव्हर्सवर थांबवायची असा रिवाज पाडला, आणि किनारा आला की वल्ह्याला ब्रेक केलं. मासे बाजारात वेळेवर पोचू लागले, तशी संस्थेत ‘आता कायले छेडता?’ असा पक्ष तयार झाला. पण अध्यक्षांचा नारळ वाया गेला होता. ते विसरणारे नव्हते.

शेवटी बोट काठावर ओढली, प्लगची वायर काढली आणि पंखा हातानं फिरवून पाहिला. दांडा न्यूट्रलला असताना पंखा मोकळा फिरायला हवा, तो अडकत होता. दांडा रिव्हर्सला नेला की गरगर मोकळा. म्हणजे वरचा दांडा न्यूट्रलला आणि खालचे गिअर फॉरवर्डला असताना मिस्त्रीनं दोघांचं लग्न लावून दिलं होतं. सगळं एका घरानं सरकलेलं. मोटरला सुरू होण्याची परवानगी देणारी ती सोयही बिचारी वरच्या दांड्यावरच विश्वास ठेवते. खाली काय चाललंय तिला काय ठाऊक!

मिस्त्री आला. ‘‘असं होतच नाई,’’ म्हणाला आणि बोल्ट खोलू लागला. खालचा भाग उतरवला, आतली उभी सळी फिरवून पंखा मोकळा होईल अशी ठेवली, वरचा दांडाही न्यूट्रलला आणला आणि दात दातात बसवून पुन्हा जोडलं. मोटर बंद असताना गिअर टाकायचा तर सोबत पंखा हातानं जरा फिरवावा लागतो, नाहीतर आतले खाचेदार तुकडे एकमेकांत शिरत नाहीत. तेवढं पुस्तिकेतून मी वाचून दाखवलं. त्यानं ते ऐकलं नाही असं दाखवत केलं. पुढे, मधे, मागे, तिन्ही जागा बरोबर. मजुरी मात्र पुन्हा मागितली. खोलणं एकदा झालं होतं, हे दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावरून पोराचा फोन आला, आवाज रडवेला. ‘‘सेक्रेटरीसाहेब, मोटर पुन्हा बिघडली जी. न्यूट्रलमध्ये चालूनच नाई रायली!’’