पेरॉक्साइडने दात उजळतात, पण लिंबू पिळून नव्हे
‘हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लिंबाचा रस घालून रोज दात घासा, आठवड्यात पांढरेशुभ्र’ असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया हे करू नका.

पेरॉक्साइडने दात उजळतात, हे खरंच आहे. ते इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, आत झिरपतं आणि डागांमधले रंगीत रेणू तोडतं. पण लिंबाचं तिथे काय काम? पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. साधारण ५.५ च्या खाली पीएच गेला की इनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. त्यावर ब्रश फिरवला की मऊ पडलेला थर खरवडून निघतो, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही.

दंतवैद्य घरी वापरायला बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल देतात. त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. जेल दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये भरून दातांवर बसवतात, त्यामुळे ते हिरडीवर फारसं ओघळत नाही. ओघळलं तर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. थंड पाणी लागताच कळ येणं मात्र नीट वापरूनही होतं, बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं.

कॅप आणि फिलिंग यांचा मूळ रंग पेरॉक्साइडने उजळत नाही. कीड असेल तर आधी तिच्यावर उपचार करून घ्या.