वीज कडाडली तर गाडीतून उतरू नका! ‘मोबाइल आणि कार स्टिरिओ’च्या त्या मेसेजला उत्तर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझी ताई, भावजी आणि दोन भाचरं देवगडहून आचऱ्यामार्गे कुडाळला आमच्याकडे येत होती. सकाळपासून ढग दाटलेले होते. मधल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गाडी आली आणि वळवाने गाठलं. पहिला कडकडाट झाला तसं ताईने भावजींना गाडी बाजूला घ्यायला लावली, स्टिरिओला जोडलेली फोनची वायर उपटली, फोन सीटवर टाकला आणि चौघंही गाडीतून उतरून रस्त्याकडेच्या एकुलत्या एक काजूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. जवळजवळ पंचवीस मिनिटं. घरी पोचली तेव्हा पोरं नखशिखांत भिजलेली, धाकटीचे दात वाजत होते. कशाला उतरलात, असं विचारलं तर ताई म्हणाली, “अरे, तो मेसेज इल्लो ना, तो वाचूनच उतरलंव.”

मी सतरा वर्षं गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवतोय. हा मेसेज माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांनीही दाखवला होता आणि मी दरवेळी ‘सोडून द्या हो’ म्हणून कामाला लागलो होतो. ती माझी चूक झाली. आता एकेक मुद्दा घेतो.

मेसेजचं शीर्षक ‘गाडीत मोबाइलवरून गाणी ऐकणाऱ्यांनो सावधान’. खाली सात मुद्दे: एक, गाडीला जोडलेला फोन वीज ओढून घेतो, म्हणून गडगडाट सुरू होताच फोन सोडून गाडीबाहेर पडा. दोन, ब्लूटूथ म्हणजे मायक्रोवेव्ह. काचा बंद असल्या की किरण पन्नासपट वाढतात आणि कॅन्सर होतो. तीन, गाडीच्या यूएसबीतून जास्त करंट येऊन फोन फुटतो. चार, ऑक्सच्या वायरीतून (फोन स्टिरिओला जोडायची वायर) घूं आवाज आला तर इंजिनचा करंट फोनमध्ये उतरतोय. पाच, इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं गाणी लावली तरी बॅटरी कायमची जाते. सहा, पेन ड्राइव्हमधला व्हायरस ब्रेक फेल करतो. सात, पेट्रोल पंपावर ब्लूटूथ चालू असेल तर ठिणगी पडते. शेवटी नेहमीचंच, ‘दहा ग्रुपवर पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल’.

पहिल्या मुद्द्याने जीव वाचत नाही, जातो. म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पत्र्याचं टप असलेली बंद गाडी ही वादळात उघड्यावर सापडलेल्या माणसाला मिळणारी सगळ्यात चांगली जागा असते. पक्कं घर त्याहून बरं, पण सड्यावर घर कुठे असतं? वीज गाडीवर पडलीच तर ती पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने वाहत खाली जाते आणि चाकांपाशी जमिनीत उतरते. आत बसलेल्या माणसापर्यंत ती येत नाही. हे मायकेल फॅरेडेने १८३६ साली दाखवून दिलंय. धातूने मढवलेली बारा फुटी खोली बांधून त्याने ती बाहेरून विजेने भारली आणि स्वतः आत जाऊन बसला. त्याच्याजवळच्या उपकरणांवर काही परिणाम दिसला नाही. शाळेच्या पुस्तकात ‘फॅरेडेचा पिंजरा’ म्हणून शिकतो तो हाच. बरेच जण सांगतात की रबरी टायरमुळे आपण वाचतो. तेही खरं नाही. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडत येते, तिला वीतभर रबर काय अडवणार? वाचवतो तो पत्रा.

आता गाडीबाहेरचं बघा. आपल्याकडचे सडे म्हणजे मैलभर सपाट जांभा कातळ. त्यावर उभा राहिलेला माणूस हीच आसपासची सगळ्यात उंच वस्तू, आणि एखादं एकटं झाड असेल तर ते त्याहून उंच. वीज उंच आणि एकट्या वस्तूकडे जाते. झाडावर पडली की खोडातून उतरताना शेजारी उभ्या असलेल्या माणसावर उडी घेते आणि मुळापाशी उतरली की ओल्या जमिनीवरून चहूबाजूंना पसरते. झाडाखाली बांधलेली गुरं एका झटक्यात मेलेली गावोगाव लोकांनी पाहिली आहेत. त्याचं कारण हेच. गुराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतली वीज एका पायाने वर चढून दुसऱ्याने उतरते आणि मधे काळीज असतं. माणसाचेही दोन पाय फाकलेले असले की तेच होतं. माझी चार वर्षांची भाची त्या झाडाच्या मुळावर उभी होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद आहे. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींत जेवढे मृत्यू झाले, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक एकट्या विजेचे. आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, म्हणजे सरकारचं जे खातं हेच काम करतं, ते लोकांना काय सांगतं? गाडीत असाल तर गाडीतच थांबा, काचा बंद करा, धातूला हात लावू नका, झाडाखाली जाऊ नका. मेसेज नेमका याच्या उलटं करायला सांगतो. या एका गोष्टीनंतर तो लिहिणाऱ्याच्या बाकीच्या मुद्द्यांवर कुणी विश्वास का ठेवावा, मला कळत नाही.

फोन वीज ओढतो हे मुळातच खोटं आहे. खिशातल्या किंवा डॅशबोर्डवरच्या फोनने वीज कुठे पडायची ते ठरत नाही. वीज कडाडत असताना फोनवर बोलू नका, ही जुनी सूचना तारेच्या फोनसाठी होती, कारण ती तार खांबावरून थेट घरात यायची. एवढं मात्र मान्य करतो की कडकडाट चालू असताना चार्जरला किंवा ऑक्सला लावलेला फोन हातात धरून बसू नये, स्टिरिओच्या बटणांशी खेळू नये. गाडीवर वीज पडली तर एरियलच्या किंवा बॅटरीच्या वायरीतून झटका डेकपर्यंत, म्हणजे स्टिरिओपर्यंत, येऊ शकतो आणि डेक जळू शकतो. डेक नवा बसवता येतो. फोन आहे तिथे ठेवा, हात मांडीवर घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत बसा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, आसपास वीज पडतेय का ते सांगतं. भावजींच्या फोनमध्ये मी ते त्याच रात्री टाकून दिलं.

ब्लूटूथ आणि कॅन्सर. हा मुद्दा वाचून माझ्याकडे एक बाई गाडीतलं ब्लूटूथ काढून टाका म्हणून आल्या होत्या, म्हणून हाही सोडत नाही. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन दोन्ही साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, इथवर खरं. पण ओव्हन ८०० वॅटचा धरला, तर फोन आणि स्टिरिओत बहुधा असणारं ब्लूटूथ २.५ मिलिवॅटचं असतं. ओव्हन त्याच्या ३ लाख २० हजारपट. ब्लूटूथचा सगळ्यात ताकदवान वर्ग घेतला तरी तो १०० मिलिवॅटला संपतो. आणि काचा बंद केल्याने लहरी आत कोंडून पन्नासपट होत असत्या, तर काचा बंद असताना बाहेरचा फोनही गाडीत आला नसता. काचेतून लहरी आरपार जातात, म्हणून तर फोन वाजतो.

कुणी म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली मोबाइलच्या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या २ब गटात टाकल्या आहेत. टाकल्या आहेत, मी नाकारत नाही. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि आशियातल्या पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत. त्या गटाचा अर्थ ‘पुरावा अपुरा आहे, अभ्यास चालू ठेवा’ एवढाच. शिवाय ती चर्चा कानाला लावलेल्या फोनची होती. ब्लूटूथमुळे फोन कानापासून दूर राहतो. म्हणजे ज्याला लहरींची खरोखर भीती वाटते त्याने गाडीतलं ब्लूटूथ काढू नये, वापरावं.

फोन फुटण्याचं म्हणाल तर यूएसबीतून ५ व्होल्ट येतात आणि किती करंट घ्यायचा ते फोनमधलं सर्किट ठरवतं. जुन्या डेकच्या यूएसबीतून अर्धा अँपिअरच मिळतो, त्यामुळे फोन चार्ज व्हायला वेळ लागतो, एवढंच. धोका आहे तो उन्हाचा. मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या नाहीतर गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर गाडी उन्हात लावून फोन काचेखाली ठेवून लोक पाण्यात जातात. आयफोन बनवणारी अ‍ॅपल स्वतः सांगते की ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या जागी फोन ठेवू नका. बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. अशा फोनची बॅटरी फुगून पाठचं झाकण उचललं गेलेलं मी पाहिलंय. लायटर सॉकेटमधला शंभर रुपयांचा बिनकंपनीचा चार्जरही मला आवडत नाही, तिथे मेसेज अर्धा बरोबर आहे. पण त्यात दोष चार्जरचा, गाणी ऐकण्याचा नाही.

घूं आवाज खरा आहे. फोन लायटर सॉकेटमधून चार्जिंगला आणि त्याच वेळी ऑक्सला लावला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढते. फोनमध्ये इंजिनचा करंट उतरत नाही. चार्जर आणि डेक या दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या जागी आहे, त्या दोन वाटांमधल्या फरकातून अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, कुरकुर आवाजात मिसळते. चार्जर काढा, आवाज थांबेल. चार्जिंग हवंच असेल तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसते, ती लावा. नुसती खरखर येत असेल तर पिन काढून उजेडात धरा. आपल्याकडे खारी हवा. सोनेरी पिनवरच्या काळ्या रिंगांच्या कडेला हिरवट गंज धरलेला दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, सुती कापडाने पुसायचं, पिन चार-पाच वेळा आतबाहेर करायची. ताईच्या वायरीला तोच रोग होता. त्या खरखरीला ती ‘करंट’ समजून घाबरली होती.

बॅटरीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण दहा मिनिटं आणि ‘कायमची’ हे दोन्ही शब्द चुकीचे. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. मध्यम आवाजात डेक दोन-तीन अँपिअर घेतो, म्हणजे तासाभरात तीन अँपिअर-तास. चांगली बॅटरी ते सहज झेपवते. चार वर्षं जुनी बॅटरी, मागे अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर, वर हेडलाइट चालू आणि किनाऱ्यावर रात्री तीन तास गाणी, असं झालं तर सकाळी धक्का मारावा लागेल. मध्येमध्ये गाडी वीस मिनिटं चालू करा, नाहीतर आवाज कमी ठेवा.

पेन ड्राइव्हच्या व्हायरसवर फार लिहीत नाही. साध्या डेकमागे हात घाला: पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची, आठ वायरी चार स्पीकरच्या आणि एक एरियल. ब्रेककडे जाणारी वायरच नसते. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडी दुरून ताब्यात घेऊन दाखवली होती, हे खरं. पण ती गाडी मोबाइल नेटवर्कला जोडलेली होती, शिरकाव त्या वाटेने झाला. कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि त्यावरचा इलाज मालकांना चक्क पेन ड्राइव्हवर घरपोच पाठवला. तुमचा पेन ड्राइव्ह वाजत नसेल तर बहुधा तो डेकला वाचता येणाऱ्या ‘एफएटी३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसतो. बस.

पेट्रोल पंपावरच्या आगी शरीरावर साठलेल्या स्थिर विजेने लागतात, ब्लूटूथने लागलेली सिद्ध झालेली नाही. तरी पंपावर फोन बंद ठेवायला सांगतात तर ठेवा, त्यात नुकसान काही नाही.

मेसेजमध्ये नसलेला एक धोका मात्र आहे. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. करूळच्या किंवा आंबोलीच्या घाटात पुढचं गाणं शोधायला दोन सेकंद फोनकडे बघितलं की तेवढा रस्ता न बघता गेला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात घेतल्याबद्दल पहिल्या वेळी एक ते पाच हजारांपर्यंत दंड आहे. गाण्यांची यादी गाडी सुरू करण्याआधी लावा.

ताईने तो मेसेज चार ग्रुपवर पुढे पाठवला होता. त्याच चार ग्रुपवर ती आज हे टाकणार आहे. रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर टाकताना वर एक ओळ वेगळी लिही, असं मी तिला सांगितलंय: रिक्षाचं टप कापडी असतं, बाजू उघड्या असतात, त्यात फॅरेडेचा पिंजरा होत नाही. तुम्ही गडगडाट ऐकताच रिक्षा थांबवा आणि पॅसेंजरला घेऊन जवळच्या पक्क्या घरात जा. मोटारसायकलवाल्यांनीही तेच करा.