शैक्षणिक साहित्य: तक्ता एक, बाई एक

इंग्रजीच्या तासाला आमच्या वर्गात आम्ही दोघी असतो. जोडीने शिकवायचं, दोघींचा दर्जा समान, असं कागदावर आहे. मुलं तिला 'इंग्लिशच्या बाई' म्हणतात आणि मला 'दुसऱ्या बाई'. या बिरुदाबद्दल घरी सांगायची सोय नाही.

काल तपासणीला एक साहेब आले. जोडीदारबाई फळ्यापाशी भूतकाळ समजावत होत्या. मी मागच्या बाकांमध्ये वाकून एका मुलाचं अडलेलं वाक्य सोडवत होते. साहेब नेमके त्याच बाकावर येऊन टेकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही पालक का?"

"नाही, शिक्षिका."

"मग शिकवत का नाही?"

"शिकवतेय ना. याला."

"तसं नव्हे हो. वर्गाला."

"वर्गाला आत्ता त्या शिकवतायत."

"म्हणजे तुमचा तास पुढचा?"

"नाही, माझाही हाच."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. घड्याळही एकच होतं. "तासाला शिक्षक एक," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून फॉर्म पुढे केला. "हे बघा, रकाना एकच आहे."

"दोन्ही नावं लिहा."

"रकाना अरुंद आहे."

"मग आद्याक्षरं लिहा."

"आद्याक्षरं चालत नाहीत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण शिक्षकी पेशात ती सवय लागत नाही. मी कुजबुजत त्यांना सांगू लागले, की मेरिलिन फ्रेंड आणि लिन कुक या दोन अभ्यासक बाईंनी अशा जोडशिकवणीचे सहा प्रकार सांगितले आहेत. कधी एक शिकवते आणि दुसरी मुलांचं निरीक्षण करते. कधी वर्ग अर्धा अर्धा वाटून दोघी एकाच वेळी तोच पाठ घेतात. कधी दोघी फळ्यापाशी उभ्या राहून एकमेकींशी बोलत शिकवतात. साहेब मन लावून ऐकत होते. माझी आशा वाढली.

"आत्ता यातला कुठला चाललाय?"

"एक शिकवते, दुसरी फिरून मदत करते, तो."

"मग तुम्ही मदतनीस. मदतनीसाचा फॉर्म वेगळा असतो. तो मी आणलेला नाही."

एवढ्यात ज्याचं वाक्य मी सोडवत होते त्या मुलाला माझी दया आली. तो मान वळवून म्हणाला, "सर, ह्या पण शिकवतात. इंग्लिशच्या बाई सांगतात ना, ते ह्या आम्हाला परत सांगतात."

साहेबांचा चेहरा उजळला. "परत सांगतात! मग असं सांगा ना." आणि 'वापरलेले शैक्षणिक साहित्य' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: तक्ता १ (आकर्षक), सहायक बाई १, स्पीकर १ (नादुरुस्त). माझ्यापुढे कंसात काही नाही. म्हणजे मी आकर्षक नाही, पण चालू स्थितीत आहे. तो आकर्षक तक्ता मी रात्री जागून केला होता, हे सांगायला त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

तसं पाहिलं तर या व्यथेला आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. जपानने १९८७ साली 'जेट' नावाची योजना काढली. पहिल्याच वर्षी ४ देशांतून ८४८ माणसं आली, त्यातली बहुतेक शाळांमधून तिथल्या शिक्षकांच्या जोडीने इंग्रजी शिकवायला. त्यांतल्या अनेकांची जुनी तक्रार अशी, की आपल्याला माणूस नव्हे, टेपरेकॉर्डर म्हणून वापरतात. स्थानिक शिक्षक मान हलवतो, यांनी उतारा मोठ्याने वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा, झालं काम. पण त्यांच्या हुद्द्यातच 'सहायक' हा शब्द होता, तेव्हा निदान फसवणूक झाली नाही. शिवाय ते समुद्र ओलांडून टेपरेकॉर्डर झाले. मी फक्त व्हरांडा ओलांडला.

जोडीदारबाईंशी माझं भांडण नाही. त्या छान शिकवतात. पण अर्ध्या तासाच्या व्याख्यानात मध्येच माझ्याकडे वळून "हो ना बाई?" म्हणतात आणि मी "हो" म्हणते, त्याला त्या 'संवाद' म्हणतात. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' असं एकाने लिहिलं, तर मी त्यावर लाल गोल करते आणि त्या त्याच वाक्यावर हिरवी बरोबरची खूण करतात, कारण पोरगं लिहितंय हेच त्यांना पुष्कळ वाटतं. मुलांनी हे लगेच हेरलं. गृहपाठ झाला नसेल तर वही त्यांच्याकडे, झाला असेल तर माझ्याकडे. आमच्यापेक्षा त्यांचं नियोजन चांगलं आहे.

आमचं नियोजन होणार कधी? दोघींनी एकत्र बसून ठरवायला वेळापत्रकात एकही तास नाही. वर्गाकडे चालता चालता "आज फळा तुम्ही घ्या" एवढंच ठरतं, आणि फळा रोज त्याच घेतात. एकीने शिकवायचं आणि दुसरीने हाताखाली राहायचं हा प्रकार अगदी कमी वापरा, असं फ्रेंडबाई सांगतात. आमच्याकडे तोच बारमाही. एकदा हट्टाने वर्ग दोन भागांत वाटला. एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा इंग्रजीत चुकत-माकत बोलायला लागली, कारण पाळी लवकर येत होती. वर्गात आवाज झाला. शेजारच्या वर्गाने तक्रार केली आणि प्रयोग संपला. मुलं बोलायला लागली, हा ठपका आमच्यावर राहिला.

वर कचेरीचं गणित असं, की दोघी मिळून एक वर्ग, म्हणजे काम निम्मं. त्यामुळे कुणी रजेवर गेलं की बदली तासाला मला उचलतात. "तिथे एक बाई आहेतच ना?" खरंय, आहेत. दोन नेमायच्या, एक काढून न्यायची आणि अहवालात 'जोडशिकवणी यशस्वी' लिहायचं. यात मला हसू येत नाही.

आज मी नोंद दुरुस्त करून घ्यायला लिपिकांकडे गेले. जोडीदारबाई म्हणाल्या, "अहो, काय फरक पडतो?" शिक्षकाच्या रकान्यात त्यांचं नाव आहे, त्यांना नाहीच पडत. लिपिकांनी फॉर्म शांतपणे वाचला. म्हणाले, साहित्यात आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, कालच चढवली. आता काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागेल, सोबत वस्तू निरुपयोगी झाल्याचा दाखला.

"तो कोण देणार?"

"वर्गशिक्षक," ते म्हणाले. "तुमच्या जोडीदारबाईच की. त्यांची सही आणा."