आकाशातून पडला आणि भावकीत अडकला

परवाच्या रविवारी मी एका हरभऱ्याच्या शेतात उतरलो आणि तेव्हापासून मावळातल्या एका जमिनीच्या दाव्यात माझं नाव घेतलं जातंय. आरोपी म्हणून असतं तर एक वेळ समजू शकलो असतो. साक्षीदार म्हणून घेतलं जातंय.

आधीचं पटकन सांगून टाकतो, कारण हा भाग कुणालाच ऐकायचा नसतो, बायकोला तर नाहीच नाही. मी पॅराग्लायडिंग करतो. कामशेतला शिंदेवाडीच्या डोंगरावरून उडायचं, घारींच्या मागे मागे फिरायचं, खाली ठरलेल्या पडीक माळावर उतरायचं, वडापाव खायचा आणि कोथरूडला परत. ह्याला इंजिन नसतं. १०० मीटर उंची हातात असली तर माझं विंग, म्हणजे डोक्यावर पसरलेलं ते कापडी पंख, स्थिर हवेत साधारण ८०० मीटर पुढे जातं, पण समोरून वारा आला की ते गणित विसरायचं, कारण विंगचाच वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास, समोरून २५ चा वारा लागला तर जमिनीच्या हिशोबात तुम्ही सायकलवाल्याच्याही मागे. रविवारी तो लागला. माळ समोर दिसत होता, जवळ येत नव्हता, आणि मी खाली येत होतो. अशा वेळी जे मोकळं दिसेल ते घ्यायचं. एका बाजूला विजेच्या तारा, दुसऱ्या बाजूला एनए प्लॉटचं तारेचं कंपाउंड, तिसऱ्या बाजूला गुलाबाचं पॉलिहाऊस (व्हॅलेंटाइनच्या तोंडावर मावळातले गुलाब परदेशात जातात, त्या प्लॅस्टिकवर उतरण्यापेक्षा मी तारा पसंत केल्या असत्या) आणि मधे एक छान हिरवा चौकोन.

मावळात इंद्रायणी भात निघाला की उरलेल्या ओलीवर हरभरा टाकतात. तो चौकोन तोच.

पाय टेकले, विंग मागे पसरलं, मला काही झालं नाही, रोपं थोडी आडवी झाली. इथपर्यंत सगळं दोन माणसांत, म्हणजे मी आणि जो कोण मालक असेल तो, दहा मिनिटांत मिटण्यासारखं होतं. पण हेल्मेट काढेपर्यंत पोरं आली. पोरांच्या मागे पोरांचे काका आले, काकांच्या मागे एक ट्रॅक्टर थांबला, ट्रॅक्टरवरची माणसं उतरली, आणि ही सगळी मंडळी बांधावरून न येता सरळ पिकातून आली. मी ओरडतोय, "अरे कडेनं या, कडेनं या", तर एक जण म्हणाला, "तुम्ही कुठं कडेनं आलाय?"

आणि बांधावर आबा बसले होते. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, उकिडवे, हातात हरभऱ्याचं एक उपटलेलं झाड, त्याचे घाटे सोलून एक एक दाणा तोंडात टाकतायत. मी समजलो हेच मालक. इतक्या निवांतपणे दुसऱ्याचा हरभरा कोण खाईल?

"कुठनं आला?"

मी डोंगराकडे बोट केलं.

"ते बघितलं आमी. गाव कंचं?"

"पुणे."

"मूळ गाव इचारतोय."

"वाई."

"वाईत कुणाचं?"

मी सांगितलं. आबांनी डोळे मिटले, वाईतली त्यांची सगळी सोयरीक मनातल्या मनात तपासली, माझ्याशी काही लागेना म्हटल्यावर उघडले. "बरं. मग हिकडं का पडला? बांधाच्या पल्याड जागा न्हवती का?"

"आबा, वारा नव्हता येऊ देत. पलीकडे कुणाचं आहे?"

"थोरल्याचं."

"आणि हे?"

"त्येच तर कोर्टात चाललंय."

तेवढ्यात माझ्या छातीवरचा व्हॅरिओ वाजला. व्हॅरिओ म्हणजे हवेचा दाब मोजून तुम्ही वर जाताय की खाली ते सांगणारं छोटं यंत्र, वर गेलं की टीट टीट, जोरात खाली गेलं की भोंऽऽ. इतकं नाजूक असतं की हातात धरून झटकन उचललं तरी त्याला वाटतं आपण थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत आलो. मी वाकून दोऱ्या सोडवत होतो आणि सरळ झालो की ते ओरडायचं. आबांनी हात पुढे केला. नाही म्हणायची सोय नव्हती, मी त्यांच्या (असं मी समजत होतो) पिकात उभा होतो.

आबा उठले. टीट टीट टीट. आबा थांबले, गप्प. आबा खाली बसले. भोंऽऽ. आबांच्या चेहऱ्यावर काहीही नाही. परत उठले. टीट टीट. मग त्यांनी ते ट्रॅक्टरवाल्याला दिलं, "बस रं." तो बसला. "ऊठ." तो उठला. मग एका आजींना धरून बसवलं, आजी गुडघ्यामुळे सावकाश बसल्या तर ते वाजेचना, आबा म्हणाले बिघडलं, आजी म्हणाल्या परत बसते. माझं तीस हजारांचं यंत्र घेऊन एक अख्खं गाव उठाबशा काढत होतं आणि मी हरभऱ्यात गुडघ्यावर बसून एक एक दोरी सोडवत होतो. पॅराग्लायडरच्या दोऱ्या शेवयांसारख्या बारीक असतात, प्रत्येक दोरी तीन-चार रोपांना विळखा घालून बसलेली, ओढली की घाटे तुटतात, नाही ओढली की संध्याकाळ होते. त्यात हरभऱ्याची आंब. बोटं आंबट, विंगचं कापड आंबट, नाक खाजवलं तर नाक आंबट. एक पोरगा शेजारी बसून मदत करत होता, म्हणजे मी सोडवलेली दोरी परत पिकात टाकत होता.

उठाबशा संपल्यावर आबांनी पंचनामा काढला. आडवी झालेली रोपं मोजायला लागले, आणि मोजता मोजता त्यातलीच उपटून खायला लागले. मी म्हटलं आबा, तुम्ही खाल्लेली माझ्यात धरू नका. ते म्हणाले, "तुमी पडला न्हसता तर मी हितं आलो असतो का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग म्हणाले, "ढोर शिरलं असतं तर सरळ कोंडवाड्यात घातलं असतं. तुमाला कुठं घालायचं?"

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कोंडवाडा कवाच पाडला की, तिथं व्यायामशाळा झाली."

"मग व्यायामशाळेत घाला."

लोक हसले, मी पण हसलो, पण खरं सांगतो, मनातून चिडलो होतो. म्हणजे कोंडवाड्याचं तरी काही तंत्र होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदाच केला होता, ज्याच्या पिकात जनावर शिरलं त्यानं ते धरायचं, २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, मालकानं ठरलेला दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवायचं. जनावराला कोणी मूळ गाव विचारत नव्हतं.

शेवटी बाईकवरून धाकटे आले. खरे मालक, किंवा दोघांपैकी एक खरे मालक. माणूस चांगला वाटला, शिव्या नाहीत, आवाज नाही, आधी "लागलं न्हाय ना दादा" विचारलं. मी पाचशे रुपये काढले. ते घेईनात. म्हणाले, पैशाचं काही नाही, फक्त एवढं लिहून द्या. खिशातून पावती पुस्तक निघालं, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं होतं की सदर गटातील, ह्यांच्या वहिवाटीतील पिकात, मी अमुक अमुक उतरलो आणि त्याची भरपाई ह्यांना दिली. मी आयटीतला माणूस, न वाचता "आय अॅग्री" दाबायची सवय, सही केली. तेव्हा त्यांनी पाचशे घेतले. पुरावा पूर्ण व्हायला हवा ना.

सहीची शाई वाळायच्या आत थोरल्यांचा मुलगा हजर. "पैसे ह्यांना कसे दिले? पीक ह्यांचं असेल, जमीन आमची आहे." मी म्हटलं तुमचे पण पाचशे घ्या, मला सोडा. तर तो म्हणाला, "मला नकोत. मीच तुम्हाला पाचशे देतो. फक्त लिहा की विंग आमच्या बाजूला होतं."

आणि होतं हो. पाय बांधाच्या अलीकडे, अर्धं विंग पलीकडे. पंचवीस चौरस मीटरचं कापड दोन्ही भावांच्या वाट्याला समान आलं होतं, जे त्यांच्या वडिलांना जमलं नव्हतं.

मी थोरल्यांच्या मुलाला विचारलं, मग ह्या आबांना विचारा ना, ते सुरुवातीपासून बघतायत. तो म्हणाला, "ते होय? ते पलीकडच्या गावचे, आमच्याकडं बारशाला आलेत. जेवणाला उशीर होता म्हणून बसले असतील." मी वळून बघितलं तर बांधावर फक्त सालांचा ढीग. जेवणाची हाक आली असणार. व्हॅरिओ मात्र प्रामाणिकपणे दगडावर ठेवलेला होता.

घरी आलो, झोप येईना, म्हणून शोधत बसलो की जगात हे आणखी कोणाला झालंय का. झालंय. १७८३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा फुगा जवळच्या गोनेस गावात पडला तर शेतकऱ्यांनी राक्षस समजून फाडून टाकला, त्यात माणूस नव्हता हे त्या माणसाचं नशीब. पण माझी केस म्हणजे गीय विरुद्ध स्वान, न्यूयॉर्क, १८२२. गीय नावाचा गृहस्थ बलूनमधून स्वानच्या भाजीच्या मळ्यात उतरला, बलून फरफटलं, बटाटे आणि मुळे गेले, आणि मदतीला म्हणून दोनशेवर माणसं कुंपण मोडून आत घुसली आणि त्यांनी उरलेला मळा तुडवला. गीयनं स्वतः केलेलं नुकसान सुमारे १५ डॉलर, गर्दीनं केलेलं ७५. कोर्ट म्हणालं तूच सगळे ९० भर, तू असा आकाशातून उतरलास तर लोक बघायला येणारच. म्हणजे माझ्याविरुद्धचा निकाल दोनशे वर्षांपूर्वीच लागून बसलाय. आबा वकील नसून हेच म्हणत होते.

आता अमेरिकेत १३,००० फुटांवरून विमानातून उड्या मारणारे स्कायडायव्हर लोक चुकीच्या शेतात नेहमी उतरतात, शेजारी वैतागतात, त्यावरून भांडणं होतात, पण त्यांच्या संघटनेच्या पुस्तिकेत ह्याचे नियम तरी आहेत, गुरांना बिचकवू नका, पीक तुडवू नका, ओळींच्या दिशेनं शेताच्या टोकापर्यंत चालत जा, फाटक जसं होतं तसं ठेवा. सभासदत्वातच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा येतो. दोन भावांच्या मधोमध उतरलात तर काय करायचं ह्यावर त्या पुस्तिकेत एक ओळ नाही.

सोसायटीतल्या रिटायर्ड वकीलकाकांना विचारलं. ते म्हणाले, फौजदारी नाही होत रे, आधी भारतीय दंड विधानाचं ४४१ होतं, आता न्याय संहितेचं ३२९, त्यात गुन्हा करायचा किंवा त्रास द्यायचा, अपमान करायचा, धमकवायचा हेतू लागतो. तुझा होता का? म्हटलं माझा हेतू माळावर उतरून वडापाव खायचा होता. "मग त्यातून सुटलास. दिवाणीत मात्र नुकसान मागू शकतात. पण तू सही का केलीस?" आणि मग तासभर मी सही का केली ह्यावर. जमिनीच्या दाव्यात ताबा कोणाचा हे सगळ्यात महत्त्वाचं, भरपाई कोणी घेतली ह्यावरून ताबा दाखवता येतो, धाकटा हुशार आहे, वगैरे. काकांना धाकटा फारच आवडला.

आणि मला त्या भावांचा राग येत नाही, हीच पंचाईत आहे. एक्सप्रेस वे झाल्यापासून तिथे गुंठ्याला जे भाव आलेत त्यात सख्खे भाऊ सरळ बोलतील अशी अपेक्षा कोणी करू नये. मला राग येतो तो त्या एनए प्लॉटांचा. आमचे उतरायचे माळ एकेक करून जातायत, आज माळ, उद्या चुन्याच्या रेघा, परवा तार आणि "सह्याद्रीच्या कुशीत" असा बोर्ड, आत चिटपाखरू नाही, घर तर नाहीच, पण वॉचमन मात्र आहे आणि तो काठी घेऊन धावतो. शेतकरी निदान लागलं का विचारतो. ज्यानं ती जागा एकदा येऊन बघितली असेल आणि मग बाणेरला जाऊन विसरला असेल, त्याच्या रिकाम्या दीड गुंठ्यावर दोन मिनिटं पाय टेकले तर त्याचं काय जातं? त्याच्या जाहिरातीतल्या फोटोत वर आमचेच पॅराग्लायडर रंगीत रंगीत उडताना दाखवलेले असतात, ते कुठे उतरतात हे कोणी दाखवत नाही.

असो. काल संध्याकाळी थोरल्यांच्या मुलाचा फोन आला. कुणीतरी त्याला सांगितलंय की आमच्या त्या टिटी यंत्रात जीपीएस असतं आणि मी नेमका कुठे टेकलो ते त्यात उमटलेलं असतं. त्याला ती फाईल पाहिजे. मी म्हटलं दादा, त्यात दोन-चार मीटरचा फरक पडू शकतो. तो म्हणाला, आमचं भांडण तेवढ्याचंच आहे. शिवाय प्रतिज्ञापत्र करायचंय, मंगळवारी अकराला वडगावला या. मी म्हटलं मंगळवारी ऑफिस आहे, तो म्हणाला हाफ डे टाका.

"आणि येताना तेवढा स्टॅम्प पेपर घेऊन या. शंभरचा चालत नाही आता, पाचशेचा आणा."