‘ज्याची खावी पोळी’ आणि पन्नास लाखांची गाडी

द्राक्षाचा माल निघाला, खरड छाटणी उरकली, की आमच्या नाशिककडे गाड्यांचा विषय निघतो. यंदा मामांनी मनावर घेतलंय. पिंपळगाव बसवंतला बाग, घरात जुनी एसयूव्ही, आणि आता ‘एकदा चांगली सेडान घ्यायचीच’ असा हट्ट. सेडान म्हणजे एसयूव्हीपेक्षा बुटकी, मागे वेगळी डिकी असलेली गाडी. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी एक मजकूर पाठवला, त्यांनी मला पाठवला, मग तो दुसऱ्या दोन ग्रुपवरही दिसला: ‘महागड्या गाडीचा एकही रिव्ह्यू खरा नसतो. सगळे विकलेले. जर्मन गाडीला नावं ठेवायची कुणाची हिंमत नाही. खरं ऐकायचं तर मालकाला विचारा, नाहीतर मतं सोडा आणि नुसते आकडे बघा.’

मामांना हे पटलं. मला पटलं नाही.

‘सगळे विकलेले.’ ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे काही खोटं नाही. कंपनी परीक्षकाला दोन-चार दिवस गाडी देते, टाकी भरून, धुऊन-पुसून. नवी गाडी असेल तर विमानाचं तिकीट, चांगलं हॉटेल आणि गुळगुळीत रस्ता. ठरलेल्या तारखेआधी एक शब्द छापायचा नाही, अशी अट. यात पाकीट कुठेच नसतं, पण पुढची गाडी मिळत राहावी ही इच्छा असतेच, आणि तिचा परिणाम भाषेवर होतो. ‘सस्पेन्शन टणक आहे’ याचं ‘सस्पेन्शन स्पोर्टी आहे’ असं होतं. म्हणून तर ग्राहक मंत्रालयाने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी काढलेल्या सूचनांत पैशाबरोबर फुकटच्या वस्तू, सहली आणि हॉटेलमधला मुक्कामही जाहीर करण्याच्या यादीत घातला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ‘विकलेला’ म्हटलं की वाचायचं कामच संपतं. त्यापेक्षा शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत. तक्रारी बहुधा तिथे, पाहुण्यांसमोर बोलावं तशा हळू आवाजात सांगितलेल्या असतात.

‘जर्मन गाडीला नावं ठेवायची हिंमत नाही.’ हे तर सरळ चूक. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने मर्सिडीजची नवी ए-क्लास ‘मूस टेस्ट’ला घातली. रस्त्यात अचानक जनावर आडवं आलं तर गाडी झटकन वळवून परत लेनमध्ये आणायची, अशी ती चाचणी. गाडी उलटली. कंपनीने आधी उडवाउडवी केली, मग विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा, बसवली. दुसरीकडे, एप्रिल 2005 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये गाड्यांचे समीक्षक डॅन नील यांनी जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक जी6 वर झोड उठवली, तेव्हा कंपनीने त्या पेपरच्या जाहिराती बंद केल्या. म्हणजे दबाव असतो. पण नील यांची नोकरी गेली नाही, आणि काही महिन्यांनी जाहिराती परत आल्या. त्यांना आदल्याच वर्षी समीक्षेसाठी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं होतं, हेही खरं. सगळ्यांच्या पाठीशी पुलित्झर नसतं.

‘मालकाला विचारा.’ हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, आणि इथेच जास्त फसगत होते. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये एक प्रयोग केला. बायकांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग त्यातलं एक निवडून न्यायला सांगितलं. नंतर पुन्हा गुण विचारले, तर निवडलेल्याचे वाढले आणि सोडलेल्याचे घटले. साध्या उपकरणाचं असं होतं, मग सात वर्षांचे हप्ते अंगावर असलेल्या गाडीचं काय होईल? आपला तो बाब्या.

कॉलेज रोडवरचा माझा एक मित्र दोन वर्षं गाडीचं गुणगान करत होता. गाडी विकल्यावर चहा पिता पिता म्हणाला, ‘अरे, शहापूरजवळ खड्ड्यात टायर कडेने फाटला होता. रन-फ्लॅट टायर, हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून गाडीत स्टेपनीच नाही. पंक्चर असतं तर हळूहळू घरी आलो असतो, पण फाटलेल्याला काय करणार? टोईंगवर आणली.’ ‘आधी का नाही बोललास?’ तर नुसता हसला.

एका मालकाला विचारून भागत नाही, हाच मुद्दा. जे. डी. पॉवरसारख्या सर्वेक्षण कंपन्या हजारो मालकांना ‘गाडी आवडली का’ एवढंच विचारत नाहीत. काय काय बिघडलं ते विचारून 100 गाड्यांमागे तक्रारी मोजतात. असं विचारलेल्या मालकांच्या बोलण्याला किंमत आहे. मित्रालाही विचाराच, पण सर्व्हिसची बिलं दाखव म्हणा.

‘मतं सोडा, आकडे बघा.’ फेब्रुवारी 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने विजेवर चालणारी टेस्ला मॉडेल एस चालवली आणि ती वाटेत बंद पडल्याचं लिहिलं. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी गाडीतल्या नोंदी बाहेर काढून लेख खोटा ठरवला. शेवटी पेपरच्याच पब्लिक एडिटरने, म्हणजे वाचकांच्या वतीने पेपरचंच काम तपासणाऱ्या संपादकाने, निवाडा दिला: बातमीदाराचा हेतू प्रामाणिक होता, पण टिपणं काटेकोर नव्हती आणि काही निर्णय चुकले. प्रवास एकच, आकडे एकाच गाडीचे, तरी भांडण मिटलं नाही. आपल्याकडचं कंपनीचं मायलेज तर प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेलं असतं. मुंबई नाक्याचा सिग्नल त्यात नसतो.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. बहुतेक रिव्ह्यू स्टिअरिंगमागे बसून लिहिलेले असतात, आणि आपल्याकडे अशी गाडी घेणारे बरेच जण मागे बसतात. मर्सिडीजने 2017 मध्ये लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर आणि मागे पाय ठेवायला जास्त जागा असलेली, ई-क्लास भारतात आणली ती उगाच नव्हे. तरी वळणावर गाडी कशी ‘चिकटून’ राहते यावर तीन परिच्छेद, आणि मागच्या सीटवर एक ओळ. यात कुणी पैसे खाल्लेले नसतात. लिहिणाऱ्याला चालवायला आवडतं, एवढंच.

गेल्या रविवारी मामा, मी आणि आजी टेस्ट ड्राइव्हला गेलो. सेल्समन म्हणाला, ‘सर, तुम्ही चालवून बघा.’ मामांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि आजीला मागे बसवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बसताना काही बोलली नाही. गंगापूर रोडला एका गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला, तेव्हा सेल्समनच दचकला. परत आल्यावर आजी सीटच्या कडेशी आली, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबली.

‘अरे, हात दे. विहिरीतून काढल्यासारखं काढावं लागेल मला.’

मामांनी माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या रविवारी दुसरं शोरूम आहे, आणि आजीने आत्ताच सांगून ठेवलंय की ती येणार.